जुनी कटालिना ३० घेतलीय? मग कामं या क्रमाने करा

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आपली बरीच मराठी मंडळी हल्ली सेलिंग शिकतायत. बर्कलीला नाहीतर अलमिडाला कोर्स होतो, एक-दोन सीझन क्लबच्या बोटी चालवून होतात, मग कुठेतरी जुनी तीस फुटी बोट विकायला दिसते, जुन्या गाडीच्या किमतीत, आणि घेतली जाते. बऱ्याचदा ती कटालिना ३० असते, म्हणजे कटालिना कंपनीची तीस फुटी शिडाची बोट, कारण १९७० च्या दशकाच्या मध्यापासून २००८ पर्यंत ही बोट बनत होती, सहा हजारांच्या वर बनल्या, इथल्या कुठल्याही मरीनात दोन-चार दिसतातच. ज्यांनी अशी १९८० च्या आसपासची बोट नुकतीच घेतलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बोट दुसऱ्या कंपनीची असली, किंवा मुंबई-गोव्यात कोणाकडून घेतलेली जुनी फायबरग्लासची असली, तरी क्रम हाच.

जुनी बोट म्हणजे कमजोर बोट असं डोक्यातून काढून टाका. एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब रेसचा तर नियमच आहे की बोटीचं डिझाइन १९८८ च्या आधीचं पाहिजे, आणि २०२२ च्या रेसमध्ये आपले अभिलाष टॉमी रस्टलर ३६ ही तसलीच जुन्या डिझाइनची बोट घेऊन एकट्याने जगाला फेरी मारून दुसरे आले. त्या काळात फायबरग्लासचे थर जाड घालायचे, हल म्हणजे बोटीचं अंग चाळीस वर्षांनी पण ठणठणीत असतं. म्हातारं होतं ते बाकीचं सगळं: वायरी, पाइप, व्हॉल्व, तारा, डेकमधलं लाकूड.

आता मुख्य मुद्दा. नवीन मालक काय करतो, तर पहिल्या महिन्यात मोठा चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा स्क्रीन), स्पीकर, नवीन गाद्या. कळतं मला, ते दिसतं, त्याने बोट आपली वाटते. पण माझं मत ठाम आहे, आधी पाणी आत येऊ नये, मग आग लागू नये, मग इंजिन बंद पडू नये, मग डोलकाठी पडू नये, आणि हे चार झाल्यावर उरलेल्या पैशातून सुखसोयी. चारातलं एक जरी राहिलं तर पाचव्याला हात लावू नका.

पायरी १: बोट रिकामी करा आणि वही घ्या

एक शनिवार काढा आणि प्रत्येक लॉकर, प्रत्येक कप्पा, गाद्यांखालच्या फळ्या सगळं उघडून सामान धक्क्यावर काढा. जुन्या मालकांनी वर्षानुवर्षं साठवलेलं निम्मं टाकायचंच असतं. मग टॉर्च घेऊन आत घुसा आणि फोटो काढत सुटा, कुठला पाइप कुठून कुठे जातो, कुठली वायर कशाला लागते, कुठे गंजाचे ओघळ आहेत, कुठे पाण्याचा डाग आहे. ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, उजवीकडे हल नंबर कोरलेला असतो, कटालिनाचा सीटीवाय ने सुरू होतो, शेवटचे आकडे वर्ष सांगतात, तो लिहून ठेवा कारण पार्ट मागवताना आधी तोच विचारतात. घेताना सर्व्हे केला असेल तर तो रिपोर्ट पुन्हा वाचा, सर्व्हेयरने ज्याला तातडीचं म्हटलंय त्यावर खूण करा, इन्शुरन्सवाले पण तेच मागतात.

पायरी २: पाण्याखालची भोकं

बोटीच्या तळाला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात, इंजिनला थंड पाणी घ्यायला, सिंकचं पाणी सोडायला, टॉयलेटला. प्रत्येकावर बंद करायचा व्हॉल्व असतो, सीकॉक म्हणतात. जुन्या कटालिनांमध्ये बऱ्याच ठिकाणी गोल चाकाचे गेट व्हॉल्व असायचे, आपल्या घराच्या पाण्याच्या लाइनला असतात तसले. ते बघितले की काढायचे, विचार करायचाच नाही. कारण दोन. एक, ते बंद आहेत की उघडे हे बघून कळत नाही, आत कचरा अडकला की अर्धवट बंद होतात आणि आपल्याला वाटतं बंद झाला. दुसरं म्हणजे साधं पितळ. पितळात तांबं आणि जस्त असतं, खाऱ्या पाण्यात जस्त निघून जातं आणि मागे राहतं ते गुलाबी, भुसभुशीत तांबं. व्हॉल्व बाहेरून शाबूत दिसतो, हाताने जोर लावला की तुटून हातात येतो. चाकूच्या टोकाने थोडं खरवडून बघा, पिवळं चकचकीत आलं तर अजून जीव आहे, गुलाबी आलं तर गेलेला आहे.

हा मुद्दा का एवढा ताणतोय ते आकड्यात बघा. पाण्याखाली दोन फुटावर दीड इंचाचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला साधारण दीडशे लिटर पाणी आत येतं. बऱ्याच जुन्या बोटीत बिल्ज पंप, म्हणजे तळात (बिल्जमध्ये) साचलेलं पाणी उपसणारा पंप, असतो तासाला ५०० गॅलनचा, म्हणजे मिनिटाला जेमतेम तीस लिटर, तोही कागदावर, पाइप वर चढवून पाणी बाहेर टाकायचं म्हटलं की त्याहून कमी. पंपाच्या भरवशावर राहून चालणारच नाही.

नवीन बसवताना ब्राँझचे किंवा मारेलॉन नावाच्या रीइन्फोर्स्ड प्लास्टिकचे खरे मरीन सीकॉक घ्या, हँडल पाव वळसा फिरवला की बंद होणारे. हार्डवेअरच्या दुकानातला बॉल व्हॉल्व थ्रू-हलवर, म्हणजे हलच्या भोकात बसवलेल्या नळीवर, फिरवून बसवायचा मोह होतो, दोन-तीन आटे बसतातही, पण थ्रू-हलचे आटे सरळ असतात आणि त्या व्हॉल्वचे निमुळते, त्यामुळे पकड वरवरची राहते आणि कोणाचा पाय पडला की संपलं. अमेरिकेत बोटींची मानकं ठरवणाऱ्या एबीवायसी या संस्थेचं स्टँडर्ड म्हणतं सीकॉकने ५०० पौंडाचा भार ३० सेकंद झेलला पाहिजे, म्हणून फ्लँजवाला, तळाला बोल्टने बसणारा घ्या. होजला दोन-दोन क्लॅम्प, ३१६ स्टेनलेसचे, स्क्रूसकट स्टेनलेस आहे ना ते लोहचुंबक लावून बघा. आणि प्रत्येक सीकॉकला दोरीने एक मऊ लाकडाची निमुळती खुंटी बांधून ठेवा, व्हॉल्व फुटला तर भोकात ठोकायला.

हे काम बोट पाण्याबाहेर काढल्यावरच होतं. तोपर्यंत महिन्यातून एकदा सगळे सीकॉक उघड-बंद करत जा, आणि घरी निघताना बंद करून निघा.

याच पायरीत स्टफिंग बॉक्स, जिथून प्रोपेलरचा शाफ्ट बाहेर जातो. जुन्या पद्धतीचा असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब गळायलाच पाहिजेत, त्याच पाण्याने तो थंड राहतो. उभ्या बोटीत पण सारखं गळत असेल तर आधी नट थोडा आवळा, तरी थांबेना तर आतलं पॅकिंग बदला. पॅकिंगच्या कड्या तिरक्या कापायच्या आणि तिन्ही कड्यांचे जोड एकाच रेषेत येऊ द्यायचे नाहीत.

पायरी ३: वायरिंग, आणि त्यात इंजिनचा हार्नेस

१९८० च्या दशकातल्या कटालिनात एक जागा मुद्दाम बघायची. इंजिनकडून कॉकपिटच्या पॅनलकडे वायरींचा जो जुडगा, म्हणजे हार्नेस, जातो त्यात दोन्ही टोकांना ट्रेलरला असतात तसले रबरी प्लग लावलेत. शिवाय पॅनलवर करंट मोजणारा अॅमीटर आहे, आणि तो चालावा म्हणून इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा सगळा करंट, पन्नास अॅम्पियरच्या आसपास, त्या प्लगमधून वर कॉकपिटमध्ये जातो आणि पुन्हा खाली बॅटरीकडे येतो. नवीन असताना चाललं. चाळीस वर्षं खारी हवा खाल्ल्यावर त्या प्लगच्या पिना हिरव्या होतात, रेझिस्टन्स वाढतो, प्लग तापतो, वितळतो. प्लग उघडून बघा, रबर कुठे काळं-तपकिरी झालंय का, पिनेभोवती प्लास्टिक मऊ होऊन पुन्हा घट्ट झालंय का. दिसलं तर त्या दिवसापासून इंजिन चालवायचं नाही.

उपाय फार महाग नाही. दोन्ही प्लग कापून टाका, वायरी टर्मिनल ब्लॉकवर घ्या, अॅमीटर काढून तिथे व्होल्टमीटर लावा, आणि अल्टरनेटरची मुख्य वायर जाड घेऊन थेट बॅटरीकडे न्या, बॅटरीच्या टोकाला फ्यूज घालून. करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि प्रत्येक वायरीला कागदी टेपवर नाव लिहून चिकटवा, रंग विटलेले असतात, त्यावर विसंबू नका. ग्लो प्लगचं, म्हणजे थंड डिझेल इंजिन आधी तापवणाऱ्या प्लगचं, पण तसंच, त्यांचा करंट त्याच लांब बारीक वायरीतून येतो म्हणून थंडीत बटण किती दाबलं तरी इंजिन कुरकुरतं. इंजिनजवळ एक सोलेनॉइड, म्हणजे थोड्या करंटने चालणारा मोठ्या करंटचा स्विच, बसवला की वरचं बटण फक्त सोलेनॉइड ओढतं आणि ग्लो प्लगना बॅटरीतून थेट पुरेसा करंट मिळतो, वीस-तीस सेकंदात इंजिन तयार.

बाकी बोटीतल्या वायरींसाठी मोजके नियम. कल्हई केलेली तांब्याची मरीन वायरच वापरा, घरातली किंवा गाडीतली नको, ती आतून काळी पडत जाते. जोड क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा, आतून गोंद सुटणारं हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) लावा, नुसत्या सोल्डरवर किंवा पिळून टेप लावून सोडू नका. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सात इंचांच्या आत फ्यूज. व्हीएचएफ रेडिओ, नेव्हिगेशन लाइट, बिल्ज पंप यांच्या वायरीत व्होल्टेज ३ टक्क्यांपेक्षा जास्त पडू नये म्हणून लांबी मोजून जाडी ठरवा, आणि लांबी म्हणजे जाऊन-येऊन दोन्हीची बेरीज. धक्क्यावरून १२० व्होल्टची लाइन येते ते सॉकेट उघडून बघा, पिना काळ्या असतील तर इनलेट आणि केबल दोन्ही बदला.

स्वयंपाकाला प्रोपेन असेल तर तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर बिल्जमध्ये जाऊन बसतो. टाकी बाहेरच्या बाजूला निचरा असलेल्या बंद लॉकरमध्येच हवी. साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासा, सोलेनॉइड स्विच आणि गॅस अलार्म लावा, झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइड अलार्म वेगळा. आणि फायर एक्स्टिंग्विशरच्या तळावरचं वर्ष बघा, एप्रिल २०२२ पासून अमेरिकेत नियम आहे की वापरून फेकायचा एक्स्टिंग्विशर बनल्यापासून १२ वर्षांच्या वर चालत नाही.

पायरी ४: इंजिन

बहुतेक ठिकाणी युनिव्हर्सल डिझेल असतं आणि आनंदाची गोष्ट अशी की त्याचा ब्लॉक कुबोटाच्या ट्रॅक्टरचा आहे. आपल्याकडे शेतावर कुबोटा बघितलाच असेल, कसाही वापरा चालतो, इथेही तसंच, त्याला स्वच्छ डिझेल, स्वच्छ तेल आणि थंड पाणी द्या, बाकी काही मागत नाही. फार जुन्या बोटीत अॅटॉमिक ४ हे पेट्रोलचं इंजिन असेल तर मात्र चालू करायच्या आधी दर वेळी चार-पाच मिनिटं ब्लोअर (हवा बाहेर काढणारा पंखा) लावून बिल्जचा वास घ्यायचाच, याला अपवाद नाही.

तेल आणि फिल्टर १०० तासांनी नाहीतर वर्षातून एकदा. खाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पात्यांचं चाक, दर वर्षी बदला, आणि जुना काढल्यावर पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा पुढे इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलाय, टोपण उघडून तो हातात येईपर्यंत शोधा, नाहीतर नवीन इंपेलर घालूनही इंजिन तापतच राहील आणि तुम्ही थर्मोस्टॅट बदलत बसाल. हीट एक्स्चेंजरमध्ये पेन्सिलएवढा झिंक, म्हणजे गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा, असतो, अर्धा झाला की बदला.

युनिव्हर्सलचं एम-२५ इंजिन असेल तर अल्टरनेटरचा ब्रॅकेट बघा. सुरुवातीचा ब्रॅकेट कंपनाने तडकायचा, नंतर कंपनीनेच सुधारलेला काढला. टॉर्च लावून वाकलेल्या कोपऱ्यांत केसाएवढी भेग शोधा. एक्झॉस्टचा रायझर पण उघडून बघा, जिथे गरम धुरात पाणी मिसळतं तिथे तो आतून गंजतो आणि बाहेर गुंडाळलेल्या कापडामुळे काही दिसत नाही.

डिझेलची टाकी वर्षानुवर्षं अर्धी ठेवली असेल तर तळाला पाणी आणि काळी साय असते. मरीनात उभ्या बोटीत ती शांत असते, आणि दुपारी गोल्डन गेटमधून २०-२५ नॉट वारा सुटला, बोट आपटायला लागली की ढवळून नेमकी तेव्हाच फिल्टरमध्ये जाते. टाकी साफ करून घ्या, पारदर्शक वाटीचा रेकोरसारखा फिल्टर लावा, आणि फिल्टर बदलून हवा कशी काढायची हे धक्क्याला बांधलेलं असतानाच हाताला बसवून घ्या.

पायरी ५: बोट पाण्याबाहेर

तळाचा रंग दोन-तीन वर्षांनी लावावा लागतोच, तेव्हाच पाण्याखालची सगळी कामं उरका, यार्डात दिवसाचे पैसे लागतात म्हणून सामान आधी आणून ठेवा.

कील, म्हणजे बोटीखालचा शिशाचा जड पंखा, जिथे हलला मिळतो तिथे पुढच्या बाजूला आडवी भेग दिसली तर घाबरू नका, या बोटींमध्ये ती इतकी कॉमन आहे की तिला कटालिना स्माइल असं नावच पडलंय. चार हजार पौंडांच्या वर शिसं त्या बोल्टांवर लटकलेलं असतं, बोल्ट सैल पडतात. भेग खरवडून साफ करायची, बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळायचे, मग इपॉक्सीने भरायची. पण जुन्या बोटींच्या त्या भागात आत प्लायवूड आहे, म्हणून बोल्ट आवळताना वॉशर आत दबत जात असेल तर लाकूड कुजलंय, ते काम माहितगार यार्डालाच द्या.

रडर, म्हणजे सुकाणू, हलवून बघा, खुळखुळतोय का. शाफ्टचं झिंक निम्मं झालं की नवीन. फायबरग्लासला बारीक फोड आले असतील तर मोठे तेवढे फोडून वाळवून भरा, बारक्यांसाठी सगळा तळ सोलायचं काम कोणी सांगितलं तर दुसऱ्या माणसाचं मत घ्या.

पायरी ६: डोलकाठी, तारा आणि डेक

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टेनलेस तारा १० ते १५ वर्षांत बदलायच्या असतात. शेवटच्या कधी बदलल्या याचा कागद नसेल तर बदलायला झाल्यात असंच धरा. तार जिथे टर्मिनलमध्ये शिरते तिथे टिश्यू पेपर फिरवा, एखादा धागा तुटलेला असेल तर कागद अडकतो, आणि एक धागा तुटला म्हणजे ती तार संपली. खऱ्या भानगडी मात्र चेनप्लेटमध्ये, म्हणजे तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात आणि ज्या डेकमधून खाली जातात त्यात. डेकच्या जाडीत त्या पट्टीला ओल लागते पण हवा लागत नाही, स्टेनलेस तिथेच आतून खातं. वरून चकाकतेय म्हणून सोडू नका, एका वेळी एक अशी बाहेर काढा, त्या बाजूची तार सैल करून आणि हॅलयार्डने, म्हणजे शीड चढवायच्या दोरीने, डोलकाठीला आधार देऊन, आणि भिंगातून भेगा बघा.

चेनप्लेट काढली की भोकातून डेकच्या आतलं लाकूड दिसतं, दोन फायबरग्लासच्या थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा असतं. काळं, ओलं असेल तर पाणी शिरलंय. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने आजूबाजूला ठोकत जा, टणक आवाज येतो तिथवर चांगलं, बद्द आवाज येतो तिथे कुजलेलं. थोडंच असेल तर सडलेलं उकरून काढा, वाळू द्या, घट्ट इपॉक्सी भरा आणि त्या इपॉक्सीत नवीन भोक पाडा, म्हणजे पुन्हा पाणी आलं तरी लाकडाला लागणार नाही. डेकवरच्या प्रत्येक फिटिंगला हीच पद्धत. फिटिंगखाली ब्यूटाइल टेप वापरा, पुढे कधी काढायची वेळ आली तर निघते. ५२०० नावाचा पांढरा सीलंट डेकवर नको, तो निघता निघत नाही. सिलिकॉन तर नकोच, त्याच्यावर पुन्हा काही चिकटत नाही.

विंच, म्हणजे शिडाच्या दोऱ्या ओढायचं चक्र, वर्षातून एकदा उघडा. मोठ्या खोक्याला विंचच्या मापाचं भोक पाडून ते वरून बसवा, स्प्रिंग उडाली तरी खोक्यात पडेल, पाण्यात नाही. गिअरला ग्रीस, पण छोट्या पॉलना, म्हणजे उलटं फिरणं रोखणाऱ्या खिट्ट्यांना, फक्त पातळ तेल, ग्रीसने ते चिकटून बसतात आणि मग विंच उलटा फिरून हँडल मनगटावर बसतं.

पायरी ७: आता अपग्रेड

सगळ्यात आधी दिवे एलईडी करा, खर्च थोडा आणि वाचणारी वीज भरपूर, डोलकाठीवरचा नांगराचा दिवा रात्रभर जळतो तिथेच मोठा फरक पडतो. मग दिवसाला किती अॅम्पियर-तास लागतात ते कागदावर मांडा, त्यानंतर सोलर. १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० अॅम्पियर-तास देतं, वीकेंडच्या बोटीला ते पुष्कळ झालं.

लिथियम बॅटरीबद्दल सगळे विचारतात. लिथियम आयर्न फॉस्फेट चांगलीच आहे, निम्म्या वजनात जास्त वापरता येणारी वीज. पण ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढत राहते, जुना छोटा अल्टरनेटर तापून जळतो, आणि बॅटरीच्या बीएमएसने, म्हणजे आतल्या संरक्षक सर्किटने, मध्येच संबंध तोडला तर अल्टरनेटरचे डायोड उडतात. म्हणून इंजिनसाठी लेडची बॅटरी तशीच ठेवायची, अल्टरनेटर तिलाच जोडायचा, आणि तिथून डीसी-टू-डीसी चार्जरने लिथियम भरायची. हे करायची तयारी नसेल तर दोन चांगल्या एजीएम, म्हणजे सीलबंद लेडच्या बॅटऱ्या घ्या, काही बिघडत नाही.

चार्टप्लॉटरच्या आधी डीएससीवाला, म्हणजे एका बटणाने संकटाचा डिजिटल संदेश पाठवणारा व्हीएचएफ रेडिओ, एमएमएसआय (बोटीचा रेडिओ ओळख नंबर) टाकून आणि जीपीएस जोडून, आणि त्याच्या जोडीला एआयएस, म्हणजे आजूबाजूची जहाजं कुठे आहेत ते रेडिओवरून दाखवणारं यंत्र. इथे उन्हाळ्यात गोल्डन गेटच्या आसपास धुकं येतं आणि कंटेनरची जहाजं ओकलंडला जात-येत असतात, तेव्हा दहा इंची स्क्रीनपेक्षा एआयएसचा उपयोग जास्त.

नांगर डॅनफोर्थ किंवा सीक्यूआर या जुन्या प्रकारांतला असेल तर रोक्ना किंवा मँटससारखा नवीन डिझाइनचा घ्या, आणि सगळी दोरी न ठेवता पुढे निदान बोटीच्या लांबीएवढी साखळी लावा. पहिल्यांदा ट्रेझर आयलंडजवळच्या क्लिपर कोव्हला टाकून बघा, तळाला चिखल आहे, आडोसा आहे. भरती बघूनच आत शिरा कारण तोंडाशी गाळ साचलाय आणि फिन, म्हणजे खोल कीलवाल्या कटालिनाला सव्वापाच फुटांच्या वर पाणी लागतं. खोलीत डेकची उंची मिळवा, त्याच्या पाचपट दोर सोडा, मग रिव्हर्समध्ये हळूहळू इंजिनचा वेग (रेव्ह) वाढवत न्या आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा. खुणा सरकल्या तर उचलून पुन्हा टाका.